चकचकीत कॅन

“ओ मॅडम! काय चाललंय तिथं?”

आवाज मागून आला आणि ठमीच्या हातातला प्लास्टिकचा जग हिंदकळला. चीजच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला, जिथे एक जाड पाइप भिंतीतून बाहेर येतो, तिथे ती उकिडवी बसली होती. पाइपातून कोमट, फिकट पिवळी निवळी वाहत होती. तिच्या वाफेने ठमीचा चष्मा पार धुरकटला होता. त्यामुळे वळून पाहिल्यावर तिला पहिल्यांदा दिसले ते फक्त गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट.

“चोरी,” ती म्हणाली. खोटे बोलायला वेळच मिळाला नाही.

“कशाची? गटाराची?”

“हे तुम्ही फेकूनच देता ना? मग फेकलेल्या वस्तूची चोरी कशी होईल?”

“फेकलं कुठंय अजून? पाइपात आहे तोवर ते कंपनीचं. त्या टाकीत पडलं की माझं.” बुटांच्या वरचा आवाज हसत होता. “तुम्ही बरोबर मधल्यामध्ये पकडलंत.”

ठमीने चष्मा बाहीला पुसून डोळ्यांवर चढवला. समोरचा माणूस साधारण तिच्याच वयाचा होता, उन्हाने रापलेला, हातात लांब दांड्याचे जाळे. त्याच्या कपाळावर फेसाचा एक ठिपका होता. तो आपण पुसून टाकावा असे तिला वाटले — आणि असे का वाटावे, म्हणून ती स्वतःवरच चिडली.

तिची तरी काय चूक? सकाळपासून ती पुढच्या दाराने रीतसर खेटे घालत होती. दारातल्या बाईंनी तिला खरेदीकडे पाठवले, खरेदीवाल्यांनी विक्रीकडे, विक्रीवाले म्हणाले टाकाऊ मालाशी आमचा संबंध नाही, आणि ज्यांचा संबंध होता ते साहेब जेवायला गेले होते. शेवटी ती कारखान्याला वळसा घालून सरळ पाइपापाशीच येऊन बसली.

“काय करणार एवढ्या निवळीचं?” त्याने विचारले.

“जिवाणू वाढवणार.”

“हात्तिच्या! ते तर मी रोज वाढवतो.” त्याने जाळ्याच्या दांड्याने मागची मोठी उघडी टाकी दाखवली. तिच्यात खालून हवा सोडलेली होती आणि वर तपकिरी फेस खदखदत होता. “ही माझी पलटण. अख्ख्या कारखान्याची घाण खाते आणि पाणी निवळून देते. तुमचे काय खातात?”

“हीच निवळी खातील. आणि मग ते माणसं खातील.”

“कोण कुणाला खाणार?”

“माणसं... जिवाणूंना. म्हणजे, पोटाला चांगले असतात ते. प्रोबायोटिक. पावडर करून, कॅप्सूलमध्ये भरून...” आपण फार भराभर बोलतोय हे ठमीच्या लक्षात आले आणि ती थांबली. “हसू नका.”

“हसत नाहीये. माझी पलटण कुणी खाल्ली नाही कधी, एवढंच.” त्याने कोपऱ्यातला एक पोचे आलेला जुना कॅन उचलला, पाइपाच्या कडेला लावला आणि काठोकाठ भरला. “जगात काय नेताय? हे घ्या. आणि पुढच्या वेळी चोरी करायची नाही. मागायचं.”

“कुणाकडे?”

“सांडपाण्याच्या इंजिनियरकडे. कारखान्यात मला गटारसाहेब म्हणतात. कुणालाही विचारा, नाक दाबून पत्ता सांगतील.”

जड कॅन रिक्षात घालून ठमी प्रयोगशाळेत परतली. मांडीवर निवळी हिंदकळत होती, आणि निवळी हिंदकळली की ती उगाचच हसत होती.

दूध साकळवून चीज काढून घेतले की मागे जे पाणी उरते ती निवळी. चीज उरावे थोडे आणि निवळी उरावी ढीगभर, असा हा उफराटा धंदा. तिच्यात दुधातली बरीच साखर तशीच राहते. ती साखर पलटणीच्या घशात जायची. इकडे प्रयोगशाळेत मात्र कॅप्सूलमधले जिवाणू वाढवायला बाजारातून डब्यात बंद केलेले तयार खाद्य यायचे, आणि ते इतके महाग की त्यातून निघालेली कॅप्सूल ज्याच्या खिशाला झेपेल त्याच्याच पोटात जायची.

हे सगळे ठमीच्या डोक्यात शिरले ते आत्यामुळे. आईवडील गेल्यावर आत्यानेच तिला वाढवले. मुलांचे कपडे शिवून, मशीनच्या टकटकीवर शिकवले. मागच्या वर्षी आत्याचे आजारपण निघाले, औषधांनी पोट बिघडले आणि डॉक्टरांनी या कॅप्सूल लिहून दिल्या. आत्या एक दिवसाआड घ्यायची. “पोटाला काय कळतंय गं, कालची आहे का आजची!” म्हणायची. ठमीला मात्र ते लागले. तिने मोठ्या मॅडमसमोर हट्ट धरला की मी हे जिवाणू निवळीवर वाढवून दाखवते.

मोठ्या मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. मोजके बोलायच्या, पण बोललेले पाळायच्या. “हंगामाअखेरीस कॅप्सूल करणाऱ्या कंपनीचे लोक येतील,” त्या म्हणाल्या. “त्यांच्यासमोर मोठ्या टाकीत वाढवून दाखव. वाढले, तर टाकी तुझी, काम तुझं. नाही वाढले तर ती टाकी आपल्याकडच्या यीस्टवर काम करणाऱ्यांना जाईल. मग मात्र तुला चालून आलेली ती दुसऱ्या शहरातली नोकरी नाकारू नकोस. तिथली चांगली प्रयोगशाळा आहे, सगळं विकत आणतात.”

ते शहर इतके लांब होते की तिथून आत्याला भेटायला वर्षातून एकदा येणे झाले तरी पुष्कळ.

पहिल्या कॅनमधली निवळी ठमीने गाळली, तापवली, निववली आणि तिच्यात जिवाणू सोडले. दुसऱ्या दिवशी फ्लास्क गढूळ, आंबूस आणि जिवंत! सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंच्या काड्याच काड्या. तिने जागच्या जागी एक गिरकी घेतली.

मग गटारसाहेब स्वतःच कॅन आणून द्यायला लागला. म्हणे घर याच वाटेवर आहे. त्याचे घर खरे तर अगदी उलट्या दिशेला होते, पण हे ठमीला कळायला बरेच दिवस लागले, आणि कळल्यावर तिने त्याला ते कळू दिले नाही.

“काय म्हणते मंडळी?” दारात बूट काढत तो विचारायचा.

“मजेत. तुमची पलटण?”

“काल रुसली होती. आतल्या लोकांनी जमीन धुवायचं औषध भसाभस ओतलं आणि सगळं माझ्या टाकीत! निम्मी पलटण गारद. गेलो आत, एकेकाची हजेरी घेतली. म्हटलं, अरे जंतू मारायचं औषध आहे ते, माझे तेवढे सोडून मारेल का?”

“ओरडता येतं तुम्हाला?”

“तुमच्यासमोर येत नाही. प्रयत्न केला होता पहिल्या दिवशी.”

असे काही तो बोलायचा आणि मग फ्लास्ककडे बघत बसायचा, जणू ते वाक्य फ्लास्कच बोलला. ठमी चहा करायची. प्रयोगशाळेच्या बाहेरच्या जिन्यात दोघे पायऱ्यांवर बसून प्यायचे. त्याच्या हातांना आंबट दुधाचा वास यायचा आणि तिच्याही हातांना तोच. एकदा कप घेताना बोटे लागली... दोघांनीही कप सोडला नाही. चहा निवून गेला.

आत्याला ताकास तूर लागू द्यायची नाही असे ठमीने ठरवले होते. पण आत्या माणसाच्या खांद्यांकडे बघून माप सांगणारी. “कोण आहे गं?” तिने सुई दातात धरूनच विचारले.

“कोण कोण?”

“ज्याच्यामुळे तू दोन वेण्या सोडून एक घालायला लागलीस तो.”

“चीजच्या कारखान्यात आहे,” ठमी म्हणाली. “गटाराकडे.”

“असू दे. आपण काय राजवाड्यात राहतो?” आत्या म्हणाली आणि तिने मशीन सुरू केले.

सगळे कसे दुधात साखर पडल्यासारखे चालले होते. आणि एके दिवशी ठमीने सहज एक वाक्य टाकले.

त्या दिवशी ती नवा पांढरा शर्ट घालून आली होती. जुना कॅन उचलताना त्याच्या बुडाचा काळा डाग शर्टावर उमटला. “अहो, याला कधीतरी आंघोळ घालत जा,” ती हसत म्हणाली. “नुसत्या गरम पाण्यानं विसळता वाटतं?”

ती विसरूनही गेली. तो विसरला नाही.

पुढच्या खेपेला तो आला तो कोरा करकरीत स्टीलचा कॅन घेऊन. तोंड बघून भांग पाडावा असा चकचकीत! झाकणावर स्वच्छ पांढरे फडके ताणून बांधलेले. सोबत तसाच एक छोटा रिकामा कॅनही. “हा तुमच्या आत्यांना. घरात उपयोगी पडेल.” तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. “आता तरी चालेल ना?”

“चालेल की...” ती एवढेच म्हणू शकली. आपल्या एका शब्दासाठी कुणीतरी एवढे घासत बसले, या विचारात ती फडक्याची गाठ उगाच सोडत-बांधत राहिली. छोटा कॅन ती घरी घेऊन गेली. आत्याने तो खिडकीत शोभेला ठेवला.

आणि त्याच आठवड्यात फ्लास्क मेला.

निवळी जशी घातली तशीच, नितळ. आंबूस वास नाही, गढूळपणा नाही. सूक्ष्मदर्शकाखाली चार मेलेल्या काड्या. ठमीने पुन्हा केले. पुन्हा तेच. तिने तापमान तपासले, इन्क्युबेटर तपासला, जिवाणूंचा नवा साठा काढला, काचेची भांडी बदलली, पाणी बदलले. एकदा वाढ थोडीशी झाल्यासारखी वाटली आणि थांबली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पण ज्याचा कळसा त्याला तो दिसतो थोडाच!

“हल्ली तुझं लक्ष कुठं असतं?” मोठ्या मॅडमनी एकदाच विचारले, पण तो प्रश्न ठमीच्या मनात घर करून बसला.

खरेच, कुठे असते? ती आठवू लागली. तो आला त्या दिवशी फ्लास्कचे झाकण किती वेळ उघडे राहिले होते? तो पलटणीची नक्कल करून दाखवत होता तेव्हा आपण जिवाणू किती घातले? निवळी पुरती निवली होती का, की आपल्यालाच चहाची घाई होती? आधीचे फ्लास्क जगले तेव्हा तो नुसता इंजिनियर होता. आता...

आता तिच्या मनात काही शंका उरली नाही. बिघाड फ्लास्कमध्ये नव्हता, तिच्यात होता.

पुढच्या खेपेला तो नेहमीसारखा हसत आला. कॅन नेहमीसारखा लखलखत होता. ठमीने चहा केला नाही. जिन्यात दोघे उभेच राहिले. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि त्याच्या केसांवर पाण्याचे बारीक कण होते.

“तुम्ही... काही दिवस येऊ नका,” ती म्हणाली.

त्याने हातातला कॅन पायरीवर ठेवला.

“पाहुणे येणार आहेत. माझ्याकडून चुका होतायत. एकही फ्लास्क जगत नाहीये.”

“मी आलो की बिघडतं?”

“तुम्ही आलात की मी बिघडते.”

बोलून गेल्यावर तिला कळले की आपण काय बोललो. त्यालाही कळले. त्याच्या चेहऱ्यावर आधी आनंद पसरला आणि पाठोपाठ उरलेला अर्थ उमगून तो मावळला. असे दोन्ही एकदम बघायला मिळू नये कुणाला.

“बरं,” तो म्हणाला. “कारखान्यातल्या टँकरवाल्या काकांकडून पाठवत जाईन. तुमचं काम व्हायलाच पाहिजे.” बूट घालताना तो नाडी नसलेल्या बुटाशी उगाच बराच वेळ खटपट करत राहिला. मग गेला.

टँकरवाले काका आले ते जुने, पोचे आलेले, बुडाला काळे झालेले कॅन घेऊन. “असं धुण्याबिण्याचं आपल्याला जमत नाही हां,” ते म्हणाले. “गरम पाणी मारतो आणि भरतो. चालेल?”

“चालेल हो, मी तापवूनच घेते,” ठमी म्हणाली. तिला कशाचेच काही वाटत नव्हते.

आणि दुसऱ्या दिवशी फ्लास्क गढूळ! आंबूस, जिवंत, काड्याच काड्या. पुढच्या खेपेला पुन्हा तसेच. मोठ्या मॅडम स्वतः येऊन सूक्ष्मदर्शकात बघून गेल्या आणि जाताना तिच्या पाठीवर हात ठेवला. ठमीला रडू फुटायचेच बाकी होते. तिची शंका खरी ठरली होती. तो आला की मरतात, तो नाही आला की जगतात. याहून स्वच्छ पुरावा कुठला? यश मिळत होते आणि तोंडाची चव गेली होती. संध्याकाळी ती एकटीच जिन्यात बसायची, एक कप चहा घेऊन, आणि तो तिला संपायचा नाही.

पाहुणे सोमवारी येणार होते. रविवारी ठमी घरी होती. सकाळी स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज आला.

“कसला मेला डबा दिलाय गं त्या मुलानं! रात्री दूध विरजून ठेवलं तर बघ, नुसतं पाणी. जन्मात माझं दही लागलं नाही असं झालं नाही.”

“हवा गार असेल,” ठमी पांघरुणातूनच म्हणाली.

“गार कशानं? त्याच दुधातलं उरलेलं त्याच विरजणानं पातेल्यात लावलं, ते बघ कसं लागलंय. वडी पडेल. या डब्यातलंच तेवढं रुसलंय. एवढा चकचकीत डबा, मी म्हटलं धुवायचं तरी काय त्यात...”

ठमी पांघरूण फेकून उठली.

तेच दूध. तेच विरजण. तीच आत्या, आणि आत्या काही कुणाच्या प्रेमात पडलेली नव्हती. बदलला होता तो फक्त डबा.

तिने छोटा कॅन उचलला, ओतला, आत तोंड घालून हुंगला. वास नाही. बोट फिरवले. स्टीलवर अगदी पुसटसे काहीतरी, बोटाला किंचित बुळबुळीत. तिने त्याचे दोन्ही कॅन डोळ्यांसमोर आणले, मग काकांचे काळे कॅन आणले, आणि मग स्वतःला. आणि एकदम मोठ्याने हसू लागली.

“वेड लागलं का गं?” आत्या म्हणाली.

“नाही आत्या. मी चांगली आहे. मी अगदी चांगली आहे!” तिने आत्याचा गालगुच्चा घेतला आणि कॅन पोटाशी धरून तशीच चपला अडकवून निघाली.

कारखाना रविवारीही चालू असतो, कारण गाईंना रविवार कळत नाही. ठमी या वेळी पुढच्या दाराने गेलीच नाही. मागच्या अंगाला तो टाकीच्या कट्ट्यावर उभा होता, जाळे हातात, लक्ष कुठेच नाही. तिला बघून तो खाली उतरला, पण दोन हात लांबच थांबला. येऊ नका म्हटलेला माणूस किती अंतरावर उभा राहतो, ते त्याने मनाशी ठरवून ठेवले असावे.

“हा कॅन कशानं धुतला होतात?”

“का? काही राहिलं का आत?” त्याचा चेहरा पडला. “चांगला घासला होता मी. आधी साबण, मग गरम पाणी, मग ते निर्जंतुक करायचं औषध. लेबलवर लिहिलंय, नंतर पाण्यानं धुवायची गरज नाही. म्हणून वाळवून, फडकं बांधून...”

“किती घातलंत?”

“एक झाकण लिहिलं होतं. मी चार घातली. म्हटलं, तुमच्याकडे जायचंय...”

आणि तो थांबला. जंतू मारायचं औषध. माझे तेवढे सोडून मारेल का? स्वतःचेच शब्द त्याच्या कानात वाजले असणार, कारण त्याने जाळे खाली टाकले आणि दोन्ही हातांनी डोके धरले.

“मी... रोज त्या लोकांना ओरडतो यावरून! रोज!”

“दिव्याखाली अंधार,” ठमी म्हणाली. तिला हसू आवरत नव्हते आणि डोळ्यांतून पाणीही येत होते. “मला वाटत होतं माझं लक्ष उडालंय म्हणून मरतायत. तुम्ही येता म्हणून...”

“म्हणजे मी आलो म्हणून नाही?”

“नाही हो! तुम्ही धुतलंत म्हणून.”

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने ते राखलेले दोन हातांचे अंतर एका पावलात संपवले. त्याच्या कपाळावर आजही फेस होता. ठमीने या वेळी विचार केला नाही, बोटाने पुसून टाकला.

“त्या दिवशी जिन्यात तुम्ही म्हणालात ना,” तो हळूच म्हणाला, “की मी आलो की तुम्ही बिघडता...”

“हं.”

“ते तरी खरं होतं ना? ते नका परत घेऊ.”

“ते खरं होतं,” ती म्हणाली. “ते अजूनही...”

पण तेवढ्यात त्याचे डोळे मोठे झाले. “अरे देवा! टाकी!”

“कुठली टाकी?”

“उद्याची! तुमच्या पाहुण्यांसाठी निवळी न्यायची ती चाकांवरची टाकी. काकांना म्हटलं, तुम्ही नुसतं गरम पाणी मारता, सोमवारी महत्त्वाचा दिवस आहे, यांचं काम व्हायलाच पाहिजे. मी स्वतः धुतो. काल दिवसभर...” तो पुटपुटला, “अख्खी बाटली ओतली.”

कुणी दुसरी असती तर तिथेच मटकन खाली बसली असती. ठमीने चष्मा नाकावर चढवला आणि बाह्या वर केल्या. “गरम पाण्याचा नळ कुठं आहे?”

मग दोघांनी मिळून ती टाकी धुतली. कडकडीत पाणी आत सोडायचे, घुसळायचे, सोडून द्यायचे, पुन्हा भरायचे. वाफेचे ढग उठत होते. तिच्या चष्म्यावर पुन्हा धुके साचले, पण या वेळी तिने तो काढून त्याच्या खिशात ठेवला. औषध उरले आहे का ते दाखवणाऱ्या कागदाच्या पट्ट्या कारखान्यात होत्या. पट्टी बुडवली की रंग बदलायचा, आणि दोघांची तोंडे पडायची.

“तू ओतलंस किती रे!” ती ओरडली. तुम्हीचे तू कधी झाले, ते वाफेत कुणालाच दिसले नाही.

“तुझ्यासाठी ओतलं!”

“पुढच्या वेळी माझ्यासाठी काही करायचं असेल तर आधी विचार!”

“विचारतो की. लग्न करशील?”

ठमीच्या हातातला पाइप सुटला आणि त्याचा फवारा दोघांवर उडाला. तो नखशिखांत भिजला. केस कपाळाला चिकटलेले, बुटांत पाणी, आणि चेहऱ्यावर इतकी धास्ती की तिला त्याची दया आली.

“आधी पट्टी बुडव,” ती म्हणाली.

त्याने पट्टी बुडवली. दोघे श्वास रोखून बघत राहिले. पट्टी जशी होती तशीच राहिली, कोरी.

“आता ऐक,” ठमी म्हणाली. “हो.”

सोमवारी निवळी मोठ्या टाकीत गेली. पाहुण्यांनी येऊन जिवाणू सोडताना पाहिले आणि दुसऱ्या दिवशी निकाल बघायला परत आले. मोठ्या मॅडमनी खालचा नळ उघडून नमुना काढला तेव्हा ठमीने डोळे मिटले होते. आंबूस वास आधी आला. मग मॅडमचा आवाज आला, “टाकी तुझी.” त्या दूरच्या शहराला त्याच दुपारी नकार कळवला गेला. पाहुण्यांपैकी एकाने विचारले की या पद्धतीत विशेष काळजी कशाची घ्यावी लागते. “फार स्वच्छ माणसाला कॅन धुवू देऊ नका,” ठमी म्हणाली. पाहुण्यांनी मान डोलावली, पण त्यांना काही कळले नाही.

पुढच्या रविवारी तो घरी आला, आत्याला भेटायला, इस्त्रीच्या शर्टात. खुर्चीच्या अगदी कडेला बसला. आत्याने त्याला काहीच विचारले नाही, नोकरी नाही की घरदार नाही. ती आत गेली आणि तोच छोटा चकचकीत कॅन घेऊन बाहेर आली.

“काल याला गरम पाण्यानं चांगला खळखळून घेतला, नि दूध विरजून ठेवलं,” ती म्हणाली. “म्हटलं, बघू या. मुलगा सुधारतो का.”

आणि तिने झाकण काढून कॅन त्याच्या डोक्यावर सरळ पालथा केला.

ठमी किंचाळली. त्याने डोळे गच्च मिटले, पण जागचा हलला नाही. काही पडले नाही. दही लागले होते, घट्ट, काठांना धरून बसलेले.

“लागलं,” आत्या म्हणाली. तिने कॅन सरळ केला आणि ठमीकडे वळली. “दोन वाट्या आण गं. आणि माझीही. आजपासून मी रोज खाणार आहे.”